देऊळ फिरले, की भक्त?

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा, हा आमच्या घरचा नियम आईने घालून दिलेला. आईला जाऊन वीसएक वर्षे होऊन गेली. पण नियम चालू आहे, आणि माळ्यावर चढण्याचा मान, गुडघे कुरकुर करीत असले तरी, अजून माझ्याकडेच आहे. गेल्या दिवाळीत असाच चढलो असताना जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यामागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाताला लागला. उघडला, तर आत सहा फ्लॉपी!

आजच्या मुलांना फ्लॉपी ठाऊक असण्याचे कारण नाही. साडेतीन इंची, काळी, चौकोनी अशी ती प्लास्टिकची वडी; तिच्या पोटात एक पातळ चुंबकी चकती. दीड एमबीदेखील मजकूर तिच्यात पुरता मावत नसे. हल्लीच्या मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा तिच्यात बसायचा नाही.

परंतु माझ्या लेखी त्या डब्यात सोने होते. १९९६ साली मी आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. त्या वेळी आमचे हिंगोली परभणी जिल्ह्यातच होते. आमचा जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. परभणीला एका दुकानात नव्यानेच संगणकावर मराठी टंकलेखन होऊ लागले होते. शिक्षकाच्या पगारातून चार पैसे बाजूला काढून मी ती वही तिथे टंकून घेतली. एक छापील प्रत मिळाली, आणि या फ्लॉपी. पुढे वही वाळवीने खाल्ली. छापील प्रत कोणी वाचायला नेली ती परत आलीच नाही. उरल्या त्या या सहा वड्या.

दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला होता. तो संगणकाच्या कामातला. मोठमोठ्या गणितांचे प्रोग्राम नव्या यंत्रांवर नीट चालतील असे करून देणे हा त्याचा व्यवसाय. डबा त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा तो हसून म्हणाला,

"मामा, हे तर ताम्रपट झाले! ताम्रपट तरी बरे. ते वाचायला निदान वीज लागत नाही."

मला मात्र हसू आले नाही. मी म्हणालो, "अरे, आमच्याकडे आजोबांची हस्तलिखित पोथी आहे. शंभर वर्षांची असेल. मी ती चष्मा लावून वाचतो. आणि ही फ्लॉपी तीस वर्षांचीदेखील नाही, ती कोणाला वाचता येत नाही! तुम्ही लोक दर चार वर्षांनी यंत्र बदलता कशाला? आणि बदलता, तर मागचे सांभाळता का नाही?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "प्रश्न रास्त आहे. फ्लॉपी मी पुण्याला नेतो, बघतो काही निघते का. आणि मागचे कोण सांभाळतो ते उद्या औंढ्याला जाऊ, तिथेच सांगतो."

औंढ्याची गोष्ट

हिंगोलीहून औंढा नागनाथ पंचवीसेक किलोमीटर. सकाळच्या एस.टी.ने निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीची हिरवी शेते पसरलेली. औंढ्याचे हेमाडपंती देऊळ महाराष्ट्राला ठाऊक आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून त्याची ख्याती. आत गाभाऱ्यात उतरायला अरुंद पायऱ्या आहेत; वाकल्यावाचून दर्शन नाही.

या देवळाची कथा आमच्या भागातली लहान मुलेदेखील सांगतात. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांना ते रुचले नाही. त्यांनी नामदेवांना मागच्या बाजूला जायला सांगितले. नामदेव निमूटपणे मागे गेले आणि तिथे कीर्तन करू लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि देवाने आपल्या भक्ताकडे तोंड केले! नंदी मागच्या अंगाला का, असे विचारले की लोक हीच कथा सांगतात. नामदेवांचे नरसी हे गावही आमच्याच जिल्ह्यातले. त्यामुळे कथेचा अभिमान दुहेरी.

दर्शन घेऊन ओवरीत टेकलो. भाचा म्हणाला, "मामा, आमच्या धंद्यातला सगळा झगडा या गोष्टीत आहे. प्रोसेसर म्हणजे देऊळ, आणि प्रोग्राम लिहिणारा म्हणजे भक्त. यंत्र बदलले की एक प्रश्न उभा राहतो: भक्ताने वळसा घालून मागे जायचे, की देवळाने फिरायचे? वळसा कोणाला तरी पडणारच. तो कोणी घ्यायचा, एवढेच ठरायचे असते."

जुनी किल्ली, नवे कुलूप

इथे थोडे मुळापासून सांगितले पाहिजे. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. त्याला येतात त्या ठरावीक, अगदी साध्या आज्ञा: हा आकडा उचल, तो त्यात मिळव, बेरीज अमक्या जागी ठेव. या आज्ञांची यादी प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची निराळी. ही यादी म्हणजे प्रोसेसर बनवणारा आणि प्रोग्राम लिहिणारा यांच्यामधला करार होय. करार मोडला, की जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर मुका होतो.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचा मोठा संगणक कामाला लागला. पुढे पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. सुमारे २७०० व्हॉल्व्ह असलेले ते अवाढव्य धूड. त्याच्या आज्ञा त्याच्याच होत्या. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० नावाचा कितीतरी वेगवान संगणक आला. टिफ्रॅकच्या आज्ञांत लिहिलेला मजकूर त्याच्या दृष्टीने परकी भाषा. वळसा घ्यावा लागला तो भक्तांना.

मात्र त्याच १९६४ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने निराळी वाट धरली. 'सिस्टिम/३६०' या नावाने तिने लहानमोठ्या संगणकांचे एक कुटुंबच जाहीर केले; सर्वांचा करार एक. लहान यंत्रावर लिहिलेला प्रोग्राम मोठ्या यंत्रावर चालायचा. या कुटुंबाचे वंशज आजही मोठ्या बँकांतून आणि विमा कंपन्यांतून काम करतात, आणि साठ वर्षांपूर्वीचे काही प्रोग्राम त्यांच्यावर चालू शकतात. इथे देऊळ फिरले.

घरोघरी पोचलेल्या संगणकांची कथाही अशीच. १९७८ साली इंटेल कंपनीने ८०८६ हा प्रोसेसर काढला. त्यापुढच्या पिढ्यांतही तिने जुन्या आज्ञा कायम ठेवल्या. नव्या वाड्यालाही जुनी किल्ली लागावी, असा हा हिशेब. पण याच इंटेलने पुढे जुना करार सोडून देण्याचाही एक प्रयत्न केला. 'इटॅनियम' हा पूर्ण नव्या घडणीचा प्रोसेसर २००१ साली बाजारात आला. कागदावर तो नामी होता. परंतु जुने प्रोग्राम त्यावर रखडत चालत, आणि नवे त्याला शोभेल असे लिहिणे फार अवघड. दोन वर्षांनी, २००३ साली, एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने जुन्याच करारात भर घालून अधिक मोठे आकडे पेलणारा प्रोसेसर आणला. गिऱ्हाईक तिकडे वळले. इंटेललाही पुढच्याच वर्षी ती भर स्वीकारावी लागली. इटॅनियमची शेवटची खेप २०२१ साली गेली.

"म्हणजे देवळाने हट्ट धरला, तर भक्त दुसऱ्या देवळात जातात," मी म्हणालो.

"आणि तिसरीही तऱ्हा असते," भाचा म्हणाला. "मध्ये दुभाषी बसवायचा. ॲपल कंपनीने २०२० साली आपल्या संगणकांतला प्रोसेसर बदलला, तेव्हा जुन्या प्रोग्रामचे नव्या आज्ञांत भाषांतर करणारा एक प्रोग्राम सोबत दिला. वापरणाऱ्याला पत्ताही लागला नाही. पण असा दुभाषी कायमचा ठेवत नाहीत, मामा. काही वर्षे मुदत द्यायची, तेवढ्यात आम्ही प्रोग्राम नव्याने घडवायचे."

अनारशाचे तांदूळ

इतकी वर्षे देऊळ फिरत होते, मग भक्ताला एकाएकी वळसा का पडू लागला? त्याचे कारण उष्णता.

१९७८चा तो ८०८६ सेकंदाला ५० लाख ठोके देई. २००४च्या अखेरीस त्याचा वंशज ३८० कोटी ठोके देऊ लागला. सव्वीस वर्षांत सातशे साठ पट! या काळात प्रोग्राम लिहिणाऱ्यांची चैन होती. प्रोग्राम मंद चालतो? दोन वर्षे थांबा. नवा प्रोसेसर आला की तोच प्रोग्राम आपोआप पळू लागेल. पण ठोके वाढवावेत तशी चीप तापू लागली, आणि ती निववणे परवडेनासे झाले. २००४नंतरच्या वीस वर्षांत घरगुती प्रोसेसरचा वेग सहाशे कोटी ठोक्यांच्या घरात जेमतेम पोचला; म्हणजे दुप्पटसुद्धा नाही.

मग कारखानदारांनी काय केले? एक आचारी अधिक वेगाने काम करू शकत नाही ना? मग स्वयंपाकघरात दोन आचारी ठेवा, चार ठेवा, आठ ठेवा. २००५च्या सुमारास एकाच चिपेवर दोन गाभे आले. हल्ली साध्या मोबाइलमध्येही आठ असतात.

आता दिवाळीच्या फराळाचा विचार करा, म्हणजे भगिनींना हे माझ्याहून अधिक लवकर कळेल. करंज्या करायच्या असतील, तर एकीने लाटावे, दुसरीने सारण भरावे, तिसरीने तळावे. काम झपाट्याने होते. पण अनारशाचे तांदूळ? ते तीन दिवस भिजलेच पाहिजेत. घरात आठ सुना आहेत म्हणून ते एका दिवसात भिजत नाहीत! प्रत्येक मोठ्या गणितात काही भाग करंजीचा असतो आणि काही अनारशाचा. ज्यात अनारशाचा भाग मोठा, तिथे कितीही हात वाढवले तरी वेळ त्याच्याखाली जात नाही. जीन अमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच हे दाखवून दिले होते.

म्हणून आठ गाभ्यांचा प्रोसेसर आला, तरी जुना प्रोग्राम एकाच गाभ्यावर रेंगाळे आणि बाकीचे सात हात बांधून उभे राहात. प्रोग्राम उकलून करंजीचे काम वेगळे काढणे, ते वाटून देणे, आणि दोघींनी एकाच वेळी एका डब्यात हात घालू नये याची व्यवस्था लावणे, हा उपद्व्याप प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या माथी आला. माझा भाचा आपली भाकरी मिळवतो ती याच उपद्व्यापावर.

चित्रांच्या कार्डाची गोष्ट तर आणखी गमतीची. संगणकावरच्या खेळांसाठी ग्राफिक्स कार्डे निघाली. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचा रंग एकदम काढायचा, म्हणून त्यांत लहान लहान गणकांची फौज भरलेली. एक निष्णात आचारी नव्हे, तर एकाच हुकमाने एकच काम करणारी हजारभर पोरे. शंकरपाळे कापायला उत्तम, पुरणाचा अंदाज घ्यायला निरुपयोगी. काही हुशार शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले, की आपली गणितेदेखील शंकरपाळ्यांसारखीच आहेत. त्यांनी आपले आकडे चित्राच्या रूपात नटवून त्या कार्डांकडून हिशेब करून घ्यायला सुरुवात केली. हे पाहून एनव्हिडिया या कार्डे बनवणाऱ्या कंपनीने २००६ साली 'कुडा' नावाची व्यवस्था जाहीर केली. आता नटण्याची गरज उरली नाही. गणित सरळ गणित म्हणून सांगता येऊ लागले. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा आपण ऐकतो, ती पुष्कळशी याच फौजेच्या बळावर उभी आहे. इथे आधी भक्ताने वळसा घातला, मग देऊळ फिरले.

पुण्यातील दोन गोष्टी

एवढे ऐकल्यावर माझ्या मनात एक शंका आली. मी विचारले, "हे सगळे परदेशी कंपन्यांचे झाले. त्यांनी देऊळ फिरवावे, नाहीतर पाडावे. आपल्या हाती काय?"

त्यावर त्याने मला पुण्याची हकिगत सांगितली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भारताला हवा तो महासंगणक अमेरिकेकडून मिळेना. तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. तिची धुरा होती डॉ. विजय भटकर यांच्याकडे; हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९९१ साली या संस्थेने 'परम ८०००' उभा केला. एकच प्रचंड प्रोसेसर नव्हे, तर 'ट्रान्सप्युटर' नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना तारांनी जोडून त्यांच्याकडून मिळून काम करून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना. ट्रान्सप्युटर बनवी ब्रिटनची इन्मॉस कंपनी.

आणि पुढे काय झाले? ट्रान्सप्युटरची पुढची पिढी यायला उशीर झाला. इतरांचे प्रोसेसर पुढे निघून गेले, आणि ती जातच नामशेष झाली. ज्या पायावर इमारत उभी, तोच पाया बाजारातून गेला! पण परम थांबला नाही. १९९८च्या 'परम १००००' मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते. २००३ साली जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत १७१व्या क्रमांकावर आलेल्या 'परम पद्म'मध्ये आयबीएमचे. २००८च्या 'परम युवा'मध्ये इंटेलचे. २०१३च्या 'युवा २'मध्ये झिऑन फाय नावाचे जोड-प्रोसेसर बसवले, तर पाच वर्षांत इंटेलने ती मालिकाच बंद केली! २०२०च्या 'परम सिद्धी'मध्ये एनव्हिडियाची कार्डे आली.

दर वेळी देऊळ नवे. मग दर वेळी सगळे प्रोग्राम पहिल्यापासून लिहिले काय? नाही. अनेक प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप पाठवून काम वाटून घ्यायचे, ही रीत ट्रान्सप्युटर गेला तरी गेली नाही. १९९४ साली जगभरच्या जाणकारांनी निरोप पाठवण्याची एक समान पद्धत ठरवून लिहून काढली. त्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही कंपनीच्या प्रोसेसरवर नेता येऊ लागला. आज सी-डॅकमध्ये देशी प्रोसेसरही घडत आहेत. 'वेगा' हे त्यांतल्या एका मालिकेचे नाव. तिचा करार कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, सर्वांना खुला आहे.

"आणि दुसरी गोष्ट?" मी विचारले.

"दुसरी त्याच साली, त्याच पुण्यात," तो म्हणाला, "पण ती सांगायची तर दुधाळ्याकडे तोंड करून सांगितली पाहिजे."

दुधाळ्याची वाट

देवळातून निघून आम्ही गावाबाहेर आलो. भाच्याने हात करून दिशा दाखवली. औंढ्याजवळच्या दुधाळे गावाच्या परिसरात 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहायची आहे. २०१६च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली, आणि २०२३च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. २०३०पर्यंत ती पुरी करण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या. त्यांतून लेझरचा किरण जायचा आणि आरशावर आपटून परत यायचा. दूर विश्वात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की अवकाशात तरंग उठतात. त्या तरंगाने नळीची लांबी किंचित बदलते. किंचित म्हणजे किती? अणूच्या गर्भातला जो प्रोटॉन, त्याच्या व्यासाच्या शेकडाव्या हिश्शाहूनही कमी! समुद्रापासून दूर असलेली आणि गजबज नसलेली आमच्या भागातली शांत जमीन याकरिताच पसंत पडली.

आता हा तरंग ओळखायचा कसा? यंत्रातून दर सेकंदाला सोळा हजारांहून अधिक आकडे बाहेर पडतात, आणि त्यांत बहुतेक सगळा असतो गोंगाट. महाशिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत आपले मूल हरवले, तर हजारो आवाजांतून त्याची एकच हाक आईला ऐकू येते. का? तो आवाज कसा असतो हे तिला आधीच ठाऊक असते. अगदी हीच युक्ती इथे. कृष्णविवरे आदळताना तरंग कसा उठेल याचे नमुने आधी गणिताने काढून ठेवायचे, आणि येणाऱ्या गोंगाटावर एकेक नमुना लावून पाहायचा.

डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी केली, हे वाचकांना ठाऊक असेलच. तिथल्या संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो असे नमुने निवडावेत कसे याच विषयावर. त्या वेळी तरंग पकडू शकेल असे यंत्र जगात कुठे नव्हते, आणि एवढे नमुने झरझर लावून पाहील असा संगणकही कोणाच्या टेबलावर नव्हता. चोवीस वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिला तरंग पकडला. जेमतेम एक पंचमांश सेकंदाची ती हाक. तिच्या शोधात सुमारे अडीच लाख नमुने लावून पाहिले गेले होते. आणि त्या पद्धतीच्या पायात पुण्याच्या त्या कामाचा दगड होता.

भाचा रस्त्याच्या कडेला थांबला आणि म्हणाला, "आता बघा मामा. १९९१ साली पुण्यात दोन गोष्टी झाल्या. परमचा ट्रान्सप्युटर आज संग्रहालयात आहे. नमुन्यांचे ते गणित मात्र कामावर आहे. एकेका नमुन्याने गुणायचे आणि बेरीज घ्यायची. हे शंकरपाळ्यांचे काम, ग्राफिक्स कार्डाला फार मानवते. म्हणून यासाठी लिहिलेले काही प्रोग्राम असे बेतलेले असतात, की वरचे गणित एकच, आणि खाली साधा प्रोसेसर असो की कार्ड असो, तेवढा तळचा थर बदलायचा. इथली वेधशाळा सुरू होईल तेव्हा कोणता प्रोसेसर बाजारात असेल, हे आज ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. तरी प्रोग्राम आजच लिहावे लागतात. म्हणून आम्ही एक गोष्ट पाळतो: काय करायचे ते वेगळे लिहायचे, आणि या यंत्रावर ते कसे करायचे ते वेगळे. दुसरे दर पाच वर्षांनी फेकून द्यावे लागते. पहिले नीट लिहिले असेल, तर ते यंत्राच्या मागे जात नाही."

मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागले होते. मागचे सांभाळायचे म्हणजे जुने यंत्र सांभाळायचे नव्हे. यंत्र जाणारच. त्यात काय ठेवले आहे आणि ते कोणत्या संकेताने ठेवले आहे, हे उघड्या भाषेत लिहून ठेवलेले असले, की पुढचा माणूस ते नव्या यंत्रावर नेऊ शकतो. ते लिहिलेले नसले, तर पुढच्या माणसाला वाचायला काही उरत नाही.

ओव्या

भाऊबीज करून भाचा पुण्याला गेला, डबा सोबत. महिन्याभराने त्याचा फोन आला. आजच्या संगणकाला जोडता येईल असा फ्लॉपी वाचणारा एक डबीएवढा यंत्रभाग त्याने मिळवला होता. सहांपैकी दोन फ्लॉपींना बुरशी लागली होती, त्या गेल्याच. चार वाचल्या.

"पण मामा, मजकूर मराठी नाही दिसत. नुसत्या रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी आहे."

कारण पुन्हा तेच. संगणक अक्षर ठेवतो ते क्रमांकाच्या रूपाने. देवनागरीचे क्रमांक ठरवणारी भारतीय मानक पद्धत १९९१ साली आली, आणि जगातल्या सर्व लिप्यांना सामावणाऱ्या 'युनिकोड'ची सुरुवातही त्याच साली झाली. परंतु छपाईच्या दुकानांत ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याचा त्याचा क्रमांक असा कारभार चाले. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा भलताच कोणी. तो फॉन्ट गेला, की मजकूर असून नसल्यासारखा.

सुदैवाने त्या जुन्या फॉन्टचा तक्ता, म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर याची यादी, कोणीतरी कधीतरी लिहून ठेवली होती. कोण तो गृहस्थ, मला माहीत नाही. पण मी त्याचा ऋणी आहे. भाच्याने त्या यादीवरून एक लहानसा प्रोग्राम लिहिला, आणि चारही फ्लॉपींचा मजकूर युनिकोडमध्ये आणला. ऱ्हस्व वेलांट्या भलत्या अक्षरांना चिकटल्या होत्या, रफार हरवले होते. ते सारे माझ्या आठवणीवर दुरुस्त करायचे ठरले. त्याला आठ दिवस लागले. आईचा आवाज कानात धरून एकेक ओळ जुळवीत गेलो. ज्या दोन फ्लॉपी गेल्या त्यांतल्या ओव्या मात्र मला आठवल्या नाहीत. काही ठिकाणी पहिली ओळ ओठावर येई आणि दुसरी येत नसे. बहिणीला फोन केला. तिला तीन सांगता आल्या. बाकीच्या आईबरोबरच गेल्या, असे आता मानले आहे.

परवा धाकट्या नातीने त्यातल्या काही ओव्या आपल्या मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवल्या. ज्या संगणकावर त्या टंकल्या गेल्या होत्या, त्याच्या प्रोसेसरची आणि या मोबाइलच्या प्रोसेसरची जातकुळी वेगळी, आज्ञा वेगळ्या. तिला त्याचे काय? ती 'जातं' म्हणजे काय असे विचारीत होती. म्हटले, हे समजावून सांगायला प्रोग्राम नको. माझ्यासारखा म्हातारा पुरे.

वाचकांना एकच विनंती. आपल्या घरीही असा एखादा डबा असेल: लग्नाची चित्रफीत, आजोबांची ध्वनिफीत, सीडीवर ठेवलेले फोटो, जुन्या फॉन्टमधले कोणाचे आत्मवृत्त. ती यंत्रे आता दुकानात मिळत नाहीत. उद्या दुरुस्त करणाराही मिळणार नाही. या दिवाळीला माळा झाडाल, तेव्हा तो डबा खाली काढा. त्यातले जे निघेल ते आजच्या यंत्रावर उतरवून घ्या, एक प्रत कागदावर काढा, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि आत काय आहे, कोणाचा आवाज आहे, कोणत्या सालचे आहे, हे साध्या मराठीत लिहून वर चिकटवा. दहा वर्षांनी हेच पुन्हा करावे लागेल. त्याला इलाज नाही.

आमच्या माळ्यावर आता तो पत्र्याचा डबा रिकामा आहे. पण मी तो टाकलेला नाही. आत एक कागद ठेवला आहे: ओव्या कुठे कुठे आहेत, आणि कशा वाचायच्या.